स्थूल माणसाचा घरचा व्यायाम

स्थूलपणाचा विषय निघाला कीं ऐकणाराच्या ओठांवर प्रथम हसूं येतें. क्षयाला कोणी हसत नाहीं, मधुमेहाला हसत नाहीं. परंतु लठ्ठ माणूस आगगाडीच्या डब्यांत शिरला, कीं बांकावरचीं माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. नाटककार, व्यंगचित्रकार आणि सिनेमावाले यांचीं कित्येक पोटें या एका पोटावर पोसलीं गेलीं आहेत. मला आज जो इतिहास सांगावयाचा आहे तो या हंशापासूनच सुरू होतो. स्थूल माणसाचा व्यायाम तालीम आणि मैदान सोडून घराच्या चार भिंतींत कां आला, याचें पहिलें उत्तर वैद्यकांत सांपडत नाहीं. तें या हंशांत सांपडतें.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना ही अवस्था चांगली ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ प्रकारच्या ‘निंदित’ शरीरांचा एक अध्यायच आहे, आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार सर्वांत विस्तारानें केला आहे. अतिस्थूलाचें आयुष्य घटतें, त्याची चपळाई जाते, घाम फार येतो, भूक व तहान अनावर होते, आणि एवढें अन्न पोटांत जाऊनहि अंगीं बळ म्हणून राहत नाहीं, असें चरकाचें निरीक्षण आहे. कारणांमध्यें जड व गोड आहार, दिवसाची झोंप आणि व्यायामाचा अभाव यांवर त्याचें बोट आहे. सुश्रुत तर स्थूलपणा उतरविण्यास व्यायामासारखें दुसरें साधन नाहीं असें स्पष्ट सांगतो. मात्र लागलीच मर्यादाहि घालतो. व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, आणि श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे अर्धी शक्ति संपली असें समजावें, हा त्याचा नियम. तो ध्यानांत असूं द्यावा. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे. परंतु अध्यायाच्या नांवाकडेहि लक्ष असावें. ज्या वैद्यानें त्या माणसाला बरें करावयाचें, त्याच्या पोथींतसुद्धां तो ‘निंदितां’च्या यादींतच आहे.

घरांतल्या खोलींत बसून करावयाचा, बैठ्या आणि स्थूल माणसांसाठीं म्हणून सांगितलेला व्यायाम मला पहिल्यानें स्पष्ट दिसतो तो अठराव्या शतकांतल्या इंग्लंडांत. तेथें जॉर्ज चेनी नांवाचे एक नामांकित डॉक्टर होऊन गेले. मूळचे स्कॉटलंडचे. पुढें ते लंडनला आले. परंतु धंद्यांत जम बसविण्यासाठीं खानावळींतून आणि मद्यगृहांतून बडे लोक जोडीत हिंडणें त्यांना इतकें भोंवलें कीं वजन ३२ स्टोन, म्हणजे सुमारें २०३ किलोंपर्यंत गेलें. रस्त्यानें चालतांना त्यांच्या मागून नोकर स्टूल घेऊन जात असे, थोड्या थोड्या अंतरावर टेकावयासाठीं, असें सांगतात. आपल्या या दुर्दशेची हकीकत त्यांनीं १७३३ सालच्या एका ग्रंथांत स्वतःच छापून टाकली आहे. रोग्यांना उपदेश करणाऱ्या डॉक्टरानें प्रथम स्वतःची फजिती सांगावी, हें तेव्हांहि दुर्मिळ होतें आणि आजहि आहे.

चेनींनीं दूध आणि शाकाहार यांवर राहून, घोड्यावर रपेट करून आपलें शरीर पुष्कळ हलकें केलें. त्यांचे एक रोगी होते सॅम्युएल रिचर्डसन. इंग्रजी कादंबरीच्या जनकांपैकीं एक. हे गृहस्थ छापखान्याचे मालक, दिवसभर खुर्चींत, अंगानें भरलेले आणि स्वभावानें भिडस्त. अशा माणसाला घोड्यावर बसा म्हणून सांगणें सोपें, पण तो भर रस्त्यांत बसणार कसा? चेनींनीं त्यांना पत्रांतून जो तोडगा सुचविला तो म्हणजे ‘खोलींतला घोडा’. ही एक उंच खुर्ची असे. बैठकीच्या आंत फळ्या आणि त्यांच्या मध्यें वेटोळ्या तारांच्या स्प्रिंगा, वरून कातडें शिवून भात्यासारखें केलेलें, आणि दोहों बाजूंस धरावयास हात. त्यावर बसून माणूस वरखालीं उसळूं लागला कीं घोड्यावरच्या दौडीचे सगळे हिसके घरबसल्या मिळत. पाऊस असो, धुकें असो, शेजारी असोत. कोणाचीच अडचण नाहीं. १७९३ सालीं शेरेटन या प्रसिद्ध फर्निचरकारानें आपल्या नमुन्यांच्या पुस्तकांत या घोड्याच्या पोटांतल्या स्प्रिंगांचें चित्र दिलें आहे, त्यावरून श्रीमंत घरांत त्याला चांगली मागणी असली पाहिजे. त्यानें किती माणसें हलकीं झालीं हें सांगण्यास पुरावा नाहीं. परंतु पुढें जें जें घडलें त्याचें बीज येथें दिसतें: बाहेरची लाज, घरांतलें यंत्र, आणि दूर राहून पत्रानें विचारपूस करणारा एक माणूस. या तिघांपैकीं यंत्राचाच गाजावाजा पुढें सर्वांत अधिक झाला.

एकोणिसाव्या शतकांत या कथेंत आणखी एक लंडनकर आले. विल्यम बँटिंग हे राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या पेढीचे गृहस्थ. उंची ५ फूट ५ इंच; १८६२ सालच्या ऑगस्टांत वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो. आजच्या मानानें हें कांहीं अद्भुत वजन नव्हे. परंतु त्यांना बुटाचा बंद बांधतां येत नसे, आणि गुडघ्यांवर भार येऊं नये म्हणून जिना उलटें तोंड करून हळूहळू उतरावा लागे. १८६३ सालीं त्यांनीं लोकांना उद्देशून एक छोटें पत्रक स्वखर्चानें छापलें आणि तें देशभर गाजलें. पुढें बँटिंग हें नांव आहारनियमनाचें दुसरें नांवच होऊन बसलें. स्वीडिश भाषेंत तर वजन उतरविण्यासाठीं पथ्य करणें या अर्थाचें क्रियापद आजहि त्यांच्याच नांवावरून चालतें.

त्या पत्रकांतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली, सार्वजनिक जागीं आणि वाहनांत स्थूल माणसाला जे टोमणे ऐकावे लागतात त्यांविषयींची त्यांची वेदना. त्यामुळें असा माणूस लोकांत जाणेंच टाळूं लागतो, हें ते तक्रारीच्या सुरांत नव्हे, तर रोगाचें एक लक्षण सांगावें तसें सांगतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोणा डॉक्टरानें व्यायाम सांगितला म्हणून बँटिंग रोज पहांटे दोन तास नदींत होडी वल्हवीत. त्यानें दंडांत ताकद आली खरी. परंतु भूक अशी भडकली कीं तिचें समाधान करतां करतां वजन उलट वाढलें. डॉक्टरानें वल्हीं सोडून द्यावयास सांगितलें. अखेर विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरानें साखर, पाव, बटाटे व बियर तोडून त्यांचें वजन वर्षाभरांत ४६ पौंडांनीं उतरविलें. यावर बँटिंग यांचा निष्कर्ष झाला, आणि तो निष्कर्ष घरोघर जाऊन बसला, कीं व्यायामानें भूकच वाढते. स्थूल माणसानें त्याच्या नादीं लागूं नये. मनाला सोईचा असल्यामुळें हा सिद्धान्त फार दिवस टिकला. त्याचें उत्तर मिळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, आणि तें बंगालमधील एका ताग गिरणींत मिळालें. तेथपर्यंत आपण येऊंच.

मधल्या काळांत घरचा व्यायाम हा एक मोठा व्यापार झाला. युजेन सँडो हा जर्मनींत जन्मलेला पहिलवान लंडनला स्थायिक झाला. १८९७ सालीं त्याचें बळ मिळविण्याविषयींचें पुस्तक निघालें. त्याची मुठींत दाबावयाची स्प्रिंगची डंबेल्स, दारास अडकवून ओढावयाच्या रबरी दोऱ्या आणि टपालानें शिकवणी, यांचा प्रसार साऱ्या ब्रिटिश साम्राज्यांत झाला. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला. डेन्मार्कचे म्युलर यांनीं १९०४ सालीं आपली ‘पद्धति’ प्रसिद्ध केली; रोज पंधरा मिनिटें, साधन कांहींच नाहीं. हीं पुस्तकें घेणारांत स्थूल लोक पुष्कळ असले पाहिजेत. परंतु पुस्तकांतलीं चित्रें मात्र संगमरवरी पुतळ्यांसारखीं असत. पहिल्या पानावरच्या त्या शरीराकडे पाहून ज्याला उमेद वाटावयाची तो बहुधा आधींच सडपातळ असे. म्युलरचा नेम निष्ठेनें पाळणाऱ्यांत लेखक काफ्का होता, आणि तो होता काडीसारखा.

टपालानें चालणाऱ्या या उपचारांची एक हकीकत नमूद आहे. अमेरिकेचे विल्यम टॅफ्ट हे १९०५ च्या डिसेंबरांत ३१४ पौंडांचे होते. लंडनच्या यॉर्क-डेव्हिस नांवाच्या डॉक्टराला त्यांनीं पत्र लिहून सल्ला मागितला. डॉक्टरानें पथ्य पाठविलें, आणि नित्य वजन करून तें कळवीत राहावें असें बजावलें. समुद्र ओलांडून आंकडे जाऊं-येऊं लागले. कांहीं महिन्यांतच टॅफ्ट २५५ पौंडांवर आले. परंतु १९०९ सालीं ते राष्ट्राध्यक्ष झाले त्या वेळीं कांटा ३५४ वर होता. वजन उतरविणें आणि उतरलेलें राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें या एका कागदपत्राइतकें क्वचितच दुसऱ्या कशांत स्पष्ट दिसेल.

पुढें आवाज घरांत आला. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शिकागोच्या वॉलेस नांवाच्या शिक्षकानें ‘संगीताच्या तालावर बारीक व्हा’ अशी जाहिरात करून व्यायामाच्या ग्रामोफोन तबकड्या विकल्या. १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या एका मोठ्या विमा कंपनीनें रेडिओवरून सकाळचे व्यायाम सुरू केले. विमा कंपनीला लोकांच्या कंबरेची काळजी कां वाटावी, असा प्रश्न मनांत येईल. कारण साधें होतें. स्थूल विमेदार लवकर मरतात हें डॉक्टरांच्या आधीं या कंपन्यांच्या हिशेबनिसांना त्यांच्या खातेवह्यांतून दिसूं लागलें होतें. त्याच धर्तीवर १९२८ सालीं जपानी रेडिओनें कवायत सुरू केली. मधला कांहीं काळ वगळतां ती आजहि चालू आहे. मी स्वतः ध्वनिक्षेपकापुढें बसलों असल्यामुळें या गोष्टीचा मला थोडा अभिमान वाटतो, हें कबूल करतों. मात्र रेडिओला एक उणीव आहे. तो सांगतो, विचारीत नाहीं. आज व्यायाम केला कां, असा उलट प्रश्न त्याच्या पेटींतून येत नाहीं.

महाराष्ट्रांत याच सुमारास घरच्या व्यायामाला निराळें वळण मिळालें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १८९७ पासून सुमारें दहा वर्षें सँडोच्या साधनांनीं व्यायाम केला होता. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास त्यांनीं सूर्यनमस्कार घालावयास आरंभ केला आणि जन्मभर त्यांचा प्रसार केला. संस्थानांतल्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले, पुस्तकें लिहिलीं, आणि १९३८ सालीं लंडनमध्यें लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साह्यानें इंग्रजींत ग्रंथहि काढला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा मला असा वाटतो: स्प्रिंग नको, दोरी नको, सोबती नको, स्वतःच्या उंचीएवढी जमीन असली म्हणजे पुरे, आणि तेवढी जमीन घरांतल्या बायकांनाहि मिळूं शकते. राजवाड्यांत राणीसाहेब आणि मुलेंहि नमस्कार घालीत. ज्या काळांत स्त्रीनें तालमींत जाणें अकल्पनीय होतें त्या काळांत ही गोष्ट लहान नव्हती. मात्र एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. फार स्थूल माणसाला पूर्ण नमस्कार साधत नाहीं. वांकतांना पोट आड येतें, सगळा भार मनगटांवर पडतो, गुडघे दुखतात. उत्साही प्रचारकांनीं याकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं.

हें मी पुस्तकांवरून सांगत नाहीं. माझे एक मामा पुण्यास राहत. सराफाच्या पेढींत हिशेब लिहीत. पन्नास-एक वर्षांमागची गोष्ट. डॉक्टरांनीं व्यायाम करा म्हणून सांगितलें, तेव्हां ते लंगोट बांधून पेठेंतल्या एका तालमींत गेले. मल्लखांबाजवळ उभे होते, तेवढ्यांत कोणी तरी मोठ्यानें म्हणालें, “काका, खांबाला हात लावूं नका, तो आमच्या आजोबांच्या वेळचा आहे.” सगळी तालीम हंसली. मामाहि हंसले. घरीं आले आणि पुन्हां त्या गल्लीनें गेले नाहींत.

पुढें मामींनीं मार्ग काढला. माजघरांत त्या तांदूळ निवडावयास बसत आणि मामा भिंतीला दोन्हीं हात टेकून जोर काढीत. मग खुर्चीवरून उठणें-बसणें. हात न टेकतां. प्रथम सहा वेळां, मग दहा. अर्धा नमस्कार, खुर्चीच्या पाठीला धरून. मामी तांदूळ निवडतां निवडतां मोजीत आणि कॅलेंडरावर पेन्सिलीनें खूण करीत. एखादे दिवशीं आळस झाला तर रागावत नसत, जेवावयास वाढतांना एवढेंच विचारीत, “अहो, आज खूण कुठली करूं?”

आतां तागाच्या गिरणीकडे वळूं. १९५६ सालीं जाँ मेयर आणि त्यांचे बंगाली सहकारी यांनीं पश्चिम बंगालमधील एका गिरणींत २१३ माणसांचा आहार, काम आणि वजन यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कष्टाचें काम करणारे जितकें अधिक राबत तितकें अधिक खात, आणि त्यांचें वजन आटोक्यांत राही. येथपर्यंत बँटिंग बरोबर होते. परंतु दुकान मांडून जागेवर बसून राहणारे, देखरेख करणारे, यांनीं कमी खावयास हवें होतें. प्रत्यक्षांत ते हलकें काम करणारांहून अधिक खात आणि तेच सर्वांत जड होते. म्हणजे व्यायामानें भूक वाढते हें अर्धें सत्य ठरलें. उरलेलें अर्धें असें कीं, शरीर अगदींच स्वस्थ बसलें म्हणजे भुकेचा लगामच सुटतो.

त्याच दशकांत लंडनमध्यें डॉ. जेरेमी मॉरिस यांनीं दुमजली बसवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसाकाठीं पांचशें ते साडेसातशें पायऱ्या चढउतार करणारा. १९५३ सालच्या त्यांच्या लेखांत कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो असें दिसलें. तीन वर्षांनीं त्यांनीं कंपनीच्या शिंप्याकडील गणवेषांचीं मापें तपासलीं. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर अधिक रुंद निघाली, तरुण वयांतसुद्धां. मग शंका आली कीं, कंडक्टर वांचतात ते सडपातळ असतात म्हणून कीं काय? तसें नव्हतें. रुंद कंबरेच्या कंडक्टरालाहि ड्रायव्हरापेक्षां धोका कमी होता. स्थूल श्रोत्यांनीं हें वाक्य पुन्हां एकदां ऐकावें अशी माझी इच्छा आहे. वजन उतरो वा न उतरो, पायऱ्यांचा लाभ हृदयाला मिळतोच.

आणि वजन पुष्कळदां उतरत नाहीं, हेंहि उघड बोललें पाहिजे. एका किलो चरबींत सुमारें ७,७०० किलोकॅलरी सांठलेल्या असतात. अर्धा तास झपाट्यानें चालून सव्वाशें-दीडशें खर्च होतात, आणि त्या एका बटाटेवड्यांत परत येतात. आहार न बदलतां नुसत्या व्यायामानें कांहीं महिन्यांत होणारी घट दोन-तीन किलोंपलीकडे सहसा जात नाहीं. म्हणून जाहिरातवाले जें विकतात तें खोटें आहे. परंतु कांटा हलला नाहीं तरी पोटांतल्या इंद्रियांभोंवतींची, सर्वांत घातक अशी चरबी व्यायामानें कमी होते, रक्तांतली साखर सुधारते, आणि जें वजन पथ्यानें उतरलें तें पुन्हां चढूं न देण्याचें काम व्यायामच करतो. टॅफ्टसाहेबांची दुखरी जागा नेमकी तीच होती.

राहिला प्रश्न घराचा. तालीम किंवा जिमखाना श्रेष्ठ कीं घर? फ्लोरिडांतील मायकेल पेरी आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं ४९ स्थूल स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. वर्षभर आहार व सवयी यांविषयींचें मार्गदर्शन सर्वांनाच होतें. फरक एवढाच कीं, अर्ध्या जणी गटानें जमून व्यायाम करीत, अर्ध्या जणी घरीं. संशोधकांचें भाकीत होतें कीं, गट जिंकेल. सोबत असते, शिस्त असते. पहिल्या सहा महिन्यांत दोघींचीहि प्रगति झाली. त्यानंतर मात्र गटांतल्या स्त्रियांचा नेम सुटत गेला आणि घरच्या स्त्रियांचा टिकला. पंधराव्या महिन्यांत वजनाची घट घरीं व्यायाम करणाऱ्यांचीच अधिक होती. भाकीत चुकलें हें संशोधकांनीं मोकळेपणीं लिहिलें आहे.

दोन वर्षांनीं जॉन जॅकिसिक यांनीं पिट्सबर्गमध्यें १४८ स्थूल स्त्रियांना तीन गटांत वांटलें. एका गटानें सलग व्यायाम केला. दुसऱ्यानें दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून. तिसऱ्यानें तसेच तुकडे, परंतु घरांत चालण्याचा फिरता पट्टा, म्हणजे ट्रेडमिल, ठेवून. दीड वर्षानंतर तिसऱ्या गटाची घट सुमारें साडेसात किलो होती आणि नुसते तुकडे पाडणाऱ्यांची पावणेचार. यावरून यंत्राचाच विजय झाला असें कोणी म्हणेल. परंतु याच संशोधकानें २०१६ सालीं ४७१ तरुणांवर दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांना आहार, व्यायाम आणि समुपदेशन होतें. त्यांतील अर्ध्यांच्या दंडावर हालचाल मोजणारें यंत्र बांधलें. दोन वर्षांनीं यंत्रवाल्यांची घट साडेतीन किलो भरली, आणि ज्यांनीं आपली हालचाल स्वतः नोंदविली त्यांची सुमारें सहा. मला यांत विसंगति दिसत नाहीं. ट्रेडमिल घरांत होती म्हणून व्यायाम हाताशीं आला. दंडावरच्या यंत्रानें मात्र मोजण्याचें काम माणसाकडून काढून घेतलें. घोड्याच्या खुर्चीपासून आजपर्यंतचा व्यापार या दोन कामांत फरकच करीत नाहीं.

२०२० सालीं महामारींत तालमी, जिमखाने आणि बागा बंद झाल्या तेव्हां सगळ्या जगालाच कांहीं महिने घरांत व्यायाम करावा लागला. गच्चीवर फेऱ्या घालणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सांगितले आहेत. त्यांत एक जुनी अट काढून टाकली आहे. पूर्वीं सलग दहा मिनिटांपेक्षां कमी व्यायाम हिशेबांत धरीत नसत; आतां थोडाहि धरतात. मध्यम व्यायाम कोणता हें ओळखण्याची खूण डॉक्टर अशी सांगतात कीं, व्यायाम चालू असतां बोलतां यावें, परंतु गातां येऊं नये. सुश्रुताचा अर्ध्या शक्तीचा नियम याहून फारसा निराळा नाहीं. फार जड माणसानें उड्या मारूं नयेत. गुडघ्याचा विचार करावा. अंगावरून एक किलो उतरला तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं उतरतो, असें मोजलेलें आहे. खुर्चीवरून उठणें-बसणें, भिंतीचे जोर, जागच्या जागीं पावलें टाकणें, जिन्याच्या चार पायऱ्या. आरंभ यांनींच करावा, आणि छातींत दुखणें, चक्कर किंवा मधुमेहाचीं औषधें असल्यास आधीं डॉक्टरांना विचारावें.

मामांच्या घरीं वजनकांटा नव्हता. महिन्यांतून एकदां ते स्टेशनवर जाऊन यंत्रांत नाणें टाकीत आणि पुठ्ठ्याचें तिकिट घेऊन येत. मामींच्या पश्चात् त्यांच्या शिवणाच्या डब्यांत तीं सारीं तिकिटें आम्हांला सांपडलीं, दोऱ्यानें बांधलेलीं. पहिल्यावर ९७ किलो आहे. दोन वर्षांनंतरच्या तिकिटावर ८९. तेवढ्या मुदतींत संध्याकाळची मिठाईहि बंद झाली होती. पुढच्या अकरा वर्षांचीं तिकिटें ८८ आणि ९१ यांच्या दरम्यान फिरतात. मागच्या बाजूस छापलेलें भविष्य कोणी वाचलें असेल असें वाटत नाहीं. त्यावरून पेन्सिलीनें मामींनीं त्या त्या महिन्याच्या खुणांची बेरीज लिहिली आहे. बहुतेक ठिकाणीं ती वीस ते सव्वीस आहे. एका तिकिटामागें शून्य आहे, आणि पुढच्याच महिन्याच्या तिकिटामागें एकोणीस.